निकालाच्या दिवशीचे वय

निकालपत्राच्या पहिल्या पानावर आरोपीच्या नावाखाली त्याचे वय घालावे लागते. गोव्यातील एका तालुका न्यायालयात लघुलेखिका म्हणून मी सव्वीस वर्षे काम केले आणि ही ओळ किती वेळा टंकलिखित केली याला गणती नाही. परंतु २०१६ सालच्या पावसाळ्यातील एका दुपारी त्या ओळीपाशी माझी बोटे थांबली, ते अजून आठवते. समोरच्या आरोपपत्रात ‘वय १९ वर्षे’ असे होते. आरोपीच्या जागी उभा असलेला माणूस मात्र २७ वर्षांचा होता. त्याचे केस कपाळावरून मागे हटू लागले होते, मनगटावर लग्नात मिळालेले घड्याळ होते आणि मागच्या बाकावर त्याची बायको सहा महिन्यांची मुलगी मांडीवर घेऊन बसली होती. मी साहेबांना हळूच विचारले, ‘‘सर, वय कुठले घालू?’’ त्यांनी चष्मा काढला, आरोपपत्र पाहिले, त्या माणसाकडे पाहिले आणि म्हणाले, ‘‘आजचे घाला.’’

मी २७ घातले. तरुण चालकाच्या हातून रस्त्यावर माणूस मेला तर त्याला शिक्षा किती असावी, हा विषय कुठेही निघाला की मला प्रथम ती खाडाखोड न करता घातलेली संख्या आठवते. सेवेतून निवृत्त होऊन आता काही वर्षे झाली आहेत, आणि ज्या गोष्टीवर कामाच्या दिवसांत विचार करायला सवड नव्हती तिच्यावर विचार करण्याची चैन मला परवडते.

तो अपघात २००८ सालच्या श्रावणातला. माणसांची ओळख पटू नये म्हणून मी काही तपशील बदलले आहेत; वये मात्र तीच ठेवली आहेत. अंत्रुज महालात, म्हणजे फोंडा तालुक्यात, देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर अबोलीचे वळेसर आणि जाईच्या माळा विकून घर चालवणारी एक बाई, वय ४१, सकाळी रस्त्याच्या कडेला टोपली उतरवून बसची वाट पाहत उभी होती. समोरून कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी परिवहन महामंडळाची, बस वळण घेत होती. तिच्या मागून आलेल्या मोटारसायकलवाल्याने वळणावरच बसला मागे टाकण्याचे धाडस केले आणि तो थेट उजवीकडच्या कडेवर गेला. बाईंना बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, नेत असताना वाटेतच त्यांचा प्राण गेला. मुलगा महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला होता, बारावी पास झाल्याबद्दल वडिलांनी त्याला ती दीडशे सीसीची गाडी घेऊन दिली होती आणि परवाना मिळून दहा महिने झाले होते. तो दारू प्यालेला नव्हता. पळून गेला नाही. पंचनाम्यात असे आले होते की पोलीस पोहोचले तेव्हा तो रस्त्यात पसरलेल्या फुलांमध्ये बसून होता आणि त्याला उठवावे लागले.

हे मुद्दाम सांगते, कारण अशा विषयावर बोलताना आपल्या डोळ्यांपुढे येतो तो धनिकाचा मुलगा, परदेशी गाडी आणि मध्यरात्रीची मैफल. तसले खटले वर्तमानपत्रांत गाजतात. तालुका न्यायालयात मात्र बहुतेक वेळा येतो तो हा असा मुलगा, ज्याचा बाप गाडीचे हप्ते अजून फेडत असतो. गोव्याची लोकसंख्या पंधरा लाखांच्या आसपास, आणि अलीकडच्या वर्षांत रस्त्यांवर वर्षाला अडीचशे ते तीनशे माणसे मरतात. त्यांत दुचाकीवाल्यांचा वाटा सर्वांत मोठा. प्रत्येक मृत्यूमागे एक फाइल असते आणि त्या फाइलींमध्ये खलनायक फारच थोडे सापडतात. कायद्याची खरी परीक्षा होते ती याच मधल्या खटल्यांत, जिथे आरोपीचा राग येतो आणि पाच मिनिटांनी त्याच्या आईकडे पाहवत नाही.

खटल्याला आठ वर्षे लागली, याचा दोष कोणा एकावर टाकता येणार नाही. घटनास्थळाचा नकाशा काढणाऱ्या हवालदाराची बदली झाली. गाडी तपासणाऱ्या मोटार वाहन निरीक्षकाला दुसऱ्या खटल्यांच्या समन्सने वेळ मिळेना. बसचा वाहक दुसऱ्या आगारात गेला. न्यायदंडाधिकारी चार वेळा बदलले. आरोपीच्या मागे बसलेला त्याचा मित्र साक्षीला आला तेव्हा नोकरीला लागला होता. ‘मी मागे बसलो होतो, मला पुढचे काही दिसले नाही’ एवढेच तो बोलला आणि सरकारी वकिलांनी त्याला फितूर ठरवण्याची परवानगी मागितली. आमच्याकडे साक्षीदार कोकणीत बोलतो, साहेब ते मनात फिरवून इंग्रजीत सांगतात आणि मी टंकलिखित करते. वाहक म्हणाला, ‘‘तो जोरान आयलो.’’ कागदावर ते ‘भरधाव’ या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांत उतरले. लगेच बचावाचे वकील उठले. ते उठणार हे मला ठाऊक होते, कारण केवळ ‘वाहन वेगात होते’ एवढ्यावर हयगय सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली कर्नाटकातील एका प्रकरणात म्हटलेले आहे आणि या विषयाच्या प्रत्येक खटल्यात तो निकाल दाखवला जातो. ताशी साठ किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून अधिक अंतर कापते. समोरचे संकट डोळ्यांना दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत तोच एक सेकंद जातो. हे गणित शाळकरी मुलालाही येईल. पण साक्षीदाराच्या मनगटावर वेगमापक नसतो. शेवटी वळण, पांढरी सलग रेघ आणि टायरच्या खुणा यांच्या आधारे दोष सिद्ध झाला.

मग शिक्षेचा प्रश्न आला. भारतीय दंड संहितेचे कलम ३०४-अ, हयगयीने मृत्यूस कारण होणे, यात जास्तीत जास्त दोन वर्षे कैद किंवा दंड किंवा दोन्ही. हे कलम संहितेत १८७० साली घातले गेले. त्या वेळी जगात मोटारगाडी नव्हती. बैलगाड्या, घोडे आणि उघड्या विहिरींच्या काळात बेतलेले माप आपण शंभराहून अधिक वर्षे मोटारींना लावले. कनिष्ठ न्यायालयापुढे दोन वर्षांची कमाल मर्यादा असे आणि खाली किमान मर्यादा कोणतीच नसे, त्यामुळे दंड भरून सुटका होण्यापासून दोन वर्षांच्या तुरुंगापर्यंतचे सारे अंतर न्यायाधीशाच्या स्वभावावर, त्या दिवशीच्या युक्तिवादावर आणि, खरे सांगायचे तर, मागच्या बाकावर कोण बसले आहे यावर अवलंबून राही. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने ती मर्यादा पाच वर्षांवर नेली. अपघात करून खबर न देता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद सांगणारे त्याच कलमाचे दुसरे पोटकलम जानेवारी २०२४ मधील ट्रकचालकांच्या संपानंतर अंमलात आणायचे थांबले. पाच वर्षांचे माप दोनपेक्षा बरे, याविषयी मला शंका नाही. पण मापाच्या आत काय घालायचे, हे त्याही कलमाने सांगितलेले नाही.

त्या दुपारी आरोपीच्या वकिलांनी दयेची याचना केली. ते म्हणाले, आरोपी घरातील एकटा कमावता आहे, आई मधुमेहाची रुग्ण आहे, पत्नी नोकरी करत नाही, मुलगी सहा महिन्यांची आहे आणि हा त्याचा पहिलाच गुन्हा आहे. मी हे टंकलिखित करत असताना माझ्या लक्षात आले की यातील शेवटची गोष्ट सोडल्यास २००८ साली यापैकी काहीही खरे नव्हते. तेव्हा तो कमावत नव्हता, त्याचे लग्न झाले नव्हते, आईही धडधाकट होती. तेव्हा त्याच्यापाशी दया मागण्यासाठी एकच कारण होते, ते म्हणजे तो एकोणीस वर्षांचा होता; आणि ते कारण आठ वर्षांत वापरून संपले होते. ते मांडायचे कोणाला सुचलेही नाही, कारण समोर एकोणीस वर्षांचे कोणीच नव्हते.

कायदाही याबाबत एका मुखाने बोलत नाही. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाचे, म्हणजे अपराध्याला तुरुंगाऐवजी देखरेखीच्या अटीवर सोडू देणाऱ्या कायद्याचे, कलम ६ सांगते की एकवीस वर्षांखालील अपराध्याला, तसे करण्यावाचून गत्यंतर नाही अशी खात्री पटल्याखेरीज, तुरुंगात पाठवू नये. हे वय कोणत्या दिवशीचे धरायचे? सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली बिहारमधील एका खटल्यात उत्तर दिले, की न्यायालय त्याला दोषी ठरवते त्या दिवशीचे. म्हणजे खटला लवकर संपला तर मुलगा, रेंगाळला तर प्रौढ. उलट अठरा वर्षांखालच्या मुलाचे बालपण मोजले जाते ते गुन्ह्याच्या दिवशी. दिल्लीत एप्रिल २०१६ मध्ये एका मुलाने मर्सिडीजखाली एका तरुणाला चिरडले, तेव्हा त्या मुलाला अठरा वर्षे पुरी होण्यास चार दिवस उरले होते. त्याला प्रौढ म्हणून उभे करावे की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जानेवारी २०२० मध्ये उत्तर आले, की सदोष मनुष्यवधाला किमान सात वर्षांची शिक्षा सांगितलेली नसल्यामुळे तो बाल न्याय कायद्याच्या व्याख्येतील ‘निर्घृण’ गुन्हा होत नाही आणि म्हणून तसे करता येणार नाही. निकाल कायद्याच्या अक्षराला धरून आहे. मात्र चार दिवस अलीकडे असलेल्याचे बालपण कायद्याने जपून ठेवले जाते, आणि त्याच्यापेक्षा वर्षभराने मोठ्या मुलाचे तारुण्य न्यायालयाच्या बाहेरील बाकावर तारखांची वाट पाहत झिजून जाते, ही गोष्ट मला अजून पचलेली नाही. तसे पाहता वाहन अपघाताच्या खटल्यांत परिवीक्षेचा लाभ देऊच नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हरियाणातील एका बसचालकाच्या प्रकरणात बजावले आहे; त्यामुळे आमच्या आरोपीचा खटला एका वर्षात संपला असता तरी त्याच्या पदरी फार काही पडले असते असे नाही.

माझी भाची इंग्लंडमध्ये स्विंडनला असते. त्या शहरात गोंयकारांची इतकी वस्ती आहे की दुकानात कोकणीत भाव केला तरी चालतो. २०२३ च्या शरद ऋतूत मी तिच्याकडे राहायला गेले होते आणि जुनी सवय म्हणून तेथील क्राउन कोर्टात, म्हणजे गंभीर गुन्ह्यांच्या न्यायालयात, प्रेक्षकांच्या जागेवर दोन सकाळी जाऊन बसले. दुसऱ्या सकाळी एका वीस वर्षांच्या मुलाला, धोकादायक वाहन चालवून मृत्यूस कारण झाल्याबद्दल, शिक्षा सुनावली जात होती. अपघाताला तेव्हा चौदा महिने झाले होते. प्रथम मृताच्या बहिणीचे निवेदन वाचून दाखवण्यात आले. त्यात कायद्याचा एक शब्द नव्हता, फक्त घरात आता कोणत्या खुर्चीवर कोणी बसत नाही अशा गोष्टी होत्या. नंतर न्यायाधीशांनी हिशेब मोठ्याने मांडला. आरंभाचा आकडा सहा वर्षे. वय, अपरिपक्वता आणि स्वच्छ पूर्वेतिहास यांसाठी एक वर्ष कमी. पहिल्याच संधीला गुन्हा कबूल केला म्हणून उरलेल्यातून एक तृतीयांश कमी. एकूण तीन वर्षे चार महिने, तरुण अपराध्यांच्या कोठडीत. शिवाय गाडी चालवण्यास पाच वर्षांहून अधिक बंदी आणि त्यानंतर लांबलचक फेरपरीक्षा. कैदेतील निम्मा काळ तो आत काढेल आणि उरलेला देखरेखीखाली बाहेर, हेही न्यायाधीशांनी त्याला समजावून सांगितले. मी नकळत पर्समध्ये पेन्सिल शोधू लागले होते.

त्या देशाचे सारे आदर्श आहे असे मला म्हणायचे नाही. तेथेही १९५६ साली हा वेगळा गुन्हा निर्माण करावा लागला तो एका जुन्या दुखण्यामुळे: पंचांच्या, म्हणजे ज्युरीच्या, बाकावर बसलेली माणसे स्वतः गाडी चालवणारी असत आणि चालकाला मनुष्यवधासाठी दोषी ठरवायला ती कचरत. ‘उद्या माझ्याही हातून होईल’ ही भावना त्यामागे होती. तेव्हा कमाल शिक्षा पाच वर्षे होती. १९९३ साली ती दहा झाली, २००३ च्या कायद्याने चौदा झाली आणि २८ जून २०२२ पासून जन्मठेपेपर्यंत गेली. शिक्षेचे माप चढवत नेण्याचा मोह त्यांनाही आवरलेला नाही. १ जुलै २०२३ पासूनच्या त्यांच्या मार्गदर्शक सूत्रांत सर्वांत गंभीर प्रकारासाठी आरंभाचा आकडा बारा वर्षांचा आहे. मात्र त्याच सूत्रांत वय आणि परिपक्वतेचा अभाव ही सौम्यतेची कारणे म्हणून लिहून ठेवलेली आहेत, आणि अठरा ते पंचवीस या वयात मेंदू अजून घडत असतो हे तेथील न्यायालयाला लेखी सांगितले जाते. गुन्हा आणि निकाल यांच्या दरम्यान आरोपीने अठरावे वर्ष ओलांडले, तर गुन्ह्याच्या दिवशी त्याला जी शिक्षा झाली असती तेथून विचार सुरू करावा, असाही त्यांचा नियम आहे. ते वाचताना मला २७ हा आकडा आठवला.

मेंदू घडत असतो, हा शब्दप्रयोग आपल्याकडे पळवाट वाटतो. मलाही वाटत असे. पण आमच्या फाइलींमध्ये एक गोष्ट वारंवार दिसायची, की मुलगा एकटा असताना नीट चालवतो आणि मागे मित्र बसला की त्याचा हात बदलतो. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच मोजले आहे: संगणकावरच्या गाडी चालवण्याच्या खेळात सोबत मित्र असले की किशोरवयीन मुले कितीतरी अधिक धोका पत्करत, कॉलेजच्या वयाची थोडा कमी आणि प्रौढांवर सोबत्यांचा जवळजवळ काहीच परिणाम होत नसे. आमच्या वळणावरच्या मुलाच्या मागेही मित्र बसला होता. तोच, ज्याला पुढचे काही दिसले नाही. यामुळे बाईंचा मृत्यू रतिभरही हलका होत नाही. परंतु तारुण्य हे कारण मान्य करायचे असेल तर ते तारुण्य संपण्याच्या आत मान्य केले पाहिजे, आणि शिक्षेने त्याला वळण लावायचे असेल तर ते वळण त्याच्यापुढे अजून यायचे असताना लावले पाहिजे. उशिराने आलेला निकाल दया आणि जरब दोन्ही निकामी करतो. सरकारी वकील त्या दुपारी म्हणाले होते की तरुण चालकांना जरब बसावी म्हणून कठोर शिक्षा द्या. २०१६ साली त्या रस्त्यावर गाड्या उडवणारी मुले अपघाताच्या वेळी दहा वर्षांची होती. त्यांना त्या बाईंचे नावही माहीत नव्हते.

गाजलेले खटले पाहावेत तर त्यांतही काळाचाच खेळ दिसतो. दिल्लीत जानेवारी १९९९ मध्ये एका तरुणाच्या बीएमडब्ल्यूखाली सहाजण मेले. सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम शब्द आला ऑगस्ट २०१२ मध्ये, आणि तेव्हा न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचा दोष ठेवून, भोगलेली कैद पुरेशी मानली व पन्नास लाख रुपये आणि दोन वर्षांची समाजसेवा सांगितली. मुंबईत कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये पदपथावर झोपलेले सात मजूर मेले. कनिष्ठ न्यायालयाने सहा महिने दिले, उच्च न्यायालयाने तीन वर्षे केली आणि जानेवारी २०१२ मध्ये ती कायम झाली. पंजाबातील एका प्रकरणात दोघांच्या मृत्यूची एका वर्षाची शिक्षा ८५ हजार रुपये भरपाईच्या बदल्यात चोवीस दिवसांवर आली होती. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती सहा महिने केली. चोवीस दिवस, सहा महिने, तीन वर्षे हे आकडे एकमेकांशेजारी ठेवले तर त्यांमागे कोणतेही सूत्र सापडत नाही.

पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये १९ मे २०२४ च्या पहाटे सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंते मेले आणि त्या मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला, तेव्हा देशभर संताप उसळला. तो निबंध शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती, हे माझ्यासारख्या कारकुनी वृत्तीच्या बाईला तेव्हाही नोंदवावेसे वाटले आणि घरात कोणी ऐकून घेतले नाही. तीनशे शब्द म्हणजे माझ्या टंकलेखनाच्या वेगाने जेमतेम चार मिनिटे. संताप योग्यच होता. फक्त त्या संतापाची परिणती ‘मोठ्या माणसासारखा तुरुंगात टाका’ एवढ्यावरच झाली, आणि गाडीची किल्ली त्याच्या हाती कशी आली हा प्रश्न काही दिवसांनी मागे पडला.

किल्लीविषयी मला बोलणे भाग आहे. आमच्या घरी देव्हाऱ्याच्या शेजारी भिंतीला एक खिळा आहे आणि त्यावर स्कूटरची किल्ली लटकते. माझा मुलगा सोळा वर्षांचा असताना शिकवणी संपायला रात्रीचे आठ वाजत, आमच्या वाड्यापर्यंत त्यानंतर बस नव्हती, आणि मी दिवसभर ३०४-अ चे पुरावे टंकलिखित करून घरी आल्यावर त्याला ती किल्ली देत असे. कायद्याने त्या वयाला फक्त पन्नास सीसीपर्यंतच्या दुचाकीचा परवाना मिळतो आणि आमची स्कूटर त्याच्या दुपटीहून मोठी होती, हे मला पाठ होते. वाड्यावरच्या सगळ्याच आया देत. एका संध्याकाळी तो घरी आला तो पांढराफटक पडून: वळणावर शेजारच्या आबांना चुकवताना आबा गटारात पडले होते. कोपराला दोन टाके पडले, एवढेच. दुसऱ्या दिवशी मी नारळ आणि केळी घेऊन त्यांच्याकडे गेले आणि आबा म्हणाले, ‘‘बाय, भुरगो आसा, जाता.’’ म्हणजे, पोर आहे, होते असे. विषय संपला. माझ्या मुलात आणि आरोपीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या त्या माणसात अंतर होते ते दीड फुटाचे. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड होतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. या कलमातील शेवटचा भाग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. तुरुंगाचे एक वर्ष माणूस विसरू शकतो. पण गोव्यासारख्या ठिकाणी आठ-नऊ वर्षे बसच्या थांब्यावर उभे राहणे विसरता येत नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या परवानाधारकालाही हेच माप लावावे, कैद आटोपशीर ठेवून किल्ली दीर्घकाळ काढून घ्यावी आणि हे सारे दीड-दोन वर्षांच्या आत व्हावे, असे माझे मत आहे. माझ्या मताला कोणी विचारत नाही, हेही मला ठाऊक आहे.

त्या दुपारी साहेबांनी सहा महिने साधी कैद आणि दंड सुनावला. अपील करण्यासाठी शिक्षा स्थगित झाली. आरोपीचे वडील दाराशी माझ्यापाशी आले. गेल्या आठ वर्षांत ते मला पाहून ओळखू लागले होते. ‘‘बाय, म्हज्या भुरग्याचें कितें जातलें?’’ त्यांनी विचारले. सत्तावीस वर्षांच्या माणसाला ते भुरगो म्हणत होते, आणि तिथे त्याला तसे म्हणणारे ते एकटेच होते.

फुलवाल्या बाईंचा मुलगाही आला होता. मोटार अपघात दाव्यातील भरपाई त्यांना पुष्कळ आधीच, विमा कंपनीकडून मिळाली होती. या खटल्यात त्याला काही मिळायचे नव्हते. तो का येतो हे मी कधी विचारले नाही. आई गेली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज कोठे करायचा हे विचारायला तो खिडकीपाशी आला आणि अर्जावर स्वतःचे वय लिहिताना त्याने १९ लिहिले. त्याच्या दुसऱ्या हातात हेल्मेट होते. मी अर्ज घेतला, शिक्का मारला आणि त्याला किती दिवसांनी यायचे ते सांगितले.

अपिलात दोषसिद्धी कायम राहिली आणि शिक्षा बदलली: न्यायालय उठेपर्यंत कैद, शिवाय मृताच्या वारसांना भरपाईची काही रक्कम. कागदपत्रे आमच्याकडे परत आली तेव्हा मी ती वाचली. आरोपीचा गुन्हा घडला तेव्हा तो कोवळ्या वयाचा होता आणि आता तो संसारी, स्थिरावलेला नागरिक आहे, अशी दोन्ही कारणे एकाच परिच्छेदात दिलेली होती. न्यायालय उठेपर्यंत कैद म्हणजे सकाळी साडेदहाला येऊन बाकावर बसायचे आणि संध्याकाळी कामकाज संपले की घरी जायचे.

२०१९ च्या मार्गशीर्षात, जत्रेच्या दिवसांत, मी फोंड्याहून बसने घरी येत होते. आमच्या बसच्या पुढे एक स्कूटर होती. चालवणाऱ्याच्या पुढ्यात, हँडलला धरून, तीन-साडेतीन वर्षांची मुलगी उभी होती. तिच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते, केसांत अबोलीचा वळेसर होता. वळण जवळ आले तशी स्कूटर इतकी हळू झाली की आमचा चालक वैतागून हॉर्न वाजवू लागला. तेव्हा स्कूटरवाल्याने मान वळवली आणि मी त्याला ओळखले. त्याने गाडी कडेला, अगदी गवतात घेतली, एक पाय जमिनीवर टेकला, आणि वळण सरळ होईपर्यंत तिथेच थांबून तो मागच्या सगळ्या गाड्यांना हाताने पुढे जाण्याची खूण करत राहिला.